वर्णभेद उपजत की शिकलेला?

प्रश्न (धरमपेठ, नागपूर): वरच्या मजल्यावर राहणाऱ्या मणिपुरी विद्यार्थिनींजवळ जायला माझी चार वर्षांची मुलगी बिचकते. हे उपजत असते की आमच्याकडूनच तिच्यात उतरले?

पहिले उत्तर: नवजात बाळे कोणत्याही वंशाच्या चेहऱ्याला झुकते माप देत नाहीत, तीन महिन्यांची झाली की रोजच्या पाहण्यातल्या चेहऱ्यांकडे अधिक वेळ पाहतात, मात्र इस्रायलमध्ये काळ्या आणि गोऱ्या अशा दोन्ही वर्णांच्या माणसांत वाढणाऱ्या इथिओपियन वंशाच्या बाळांत, २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, असा कल आढळला नाही. ओळखीची ओढ स्वाभाविक असली, तरी ओळखीचे कोण हे भोवताल ठरवतो.

दुसरे उत्तर: तुच्छता मात्र बहुतांशी शिकलेली असते. सीताबर्डीच्या गर्दीत कोणी अशा मुलींना ‘चिंकी’ म्हणाले, तर तुमच्या मुलीसमोरच त्याला टोका.

तिसरे उत्तर: त्या विद्यार्थिनींना जेवायला अवश्य बोलवा, पण एका जेवणाने भागत नाही, नेहमीचे येणे-जाणे हवे.