वोयतेक: फौजेतलं अस्वल

युद्धातले प्राणी म्हटलं की घोडे, कुत्रे, कबुतरंच सांगतात, म्हणून त्यात वोयतेक या अस्वलाची भर घालतो. १९४२ साली इराणमध्ये पोलिश सैनिकांनी अस्वलाचं हे अनाथ पिल्लू घेतलं, बाटलीने दूध पाजून वाढवलं. पुढे इटलीला जाणाऱ्या जहाजावर प्राण्यांना मज्जाव, तर पठ्ठ्याची शिपाई म्हणून रीतसर नोंदच केली! १९४४ साली इटलीतल्या माँते कसिनोच्या लढाईत त्याने तोफगोळ्यांच्या पेट्या वाहिल्या. माझ्या भाचीला मात्र तो सिगारेटी चावून खायचा, हेच जास्त आवडलं. त्याच काळात इराणमार्गे आलेली हजारो पोलिश माणसं आपल्या कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत राहत होती. वोयतेक शेवटी एडिंबरोच्या प्राणिसंग्रहालयात गेला. पोलिश कानावर पडलं की मान वर करायचा म्हणे.