मदत हवी आहे: नदीवरच्या छोट्या वीजप्रकल्पाचा परवाना नूतनीकरणाला आलाय, म्हणणं कसं मांडावं?

नमस्कार मंडळी,

आम्ही अमेरिकेत मेन राज्यात राहतो. गावातल्या नदीवर एक जुनं, बुटकं धरण आहे. पाणी तिथून कालव्याने वीजगृहात जातं आणि बरंच खाली पुन्हा नदीला मिळतं. मधल्या पात्रात उन्हाळ्यात नुसते खडक उरतात, डबक्यांत मासे अडकून मरतात. प्रकल्पाचा परवाना संपत आलाय. मालक कंपनीने नूतनीकरणाचा इरादा केंद्रीय ऊर्जा नियामक आयोगाला कळवलाय आणि प्राथमिक माहितीचा जाडजूड दस्तऐवजही दाखल केलाय.

धरण पाडा असं माझं म्हणणं नाही. (गावात काहींचं आहे. याच राज्यात केनेबेक नदीवरच्या एडवर्ड्स धरणाचं नूतनीकरण आयोगाने १९९७ मध्ये नाकारलं, १९९९ मध्ये ते पाडलं गेलं, म्हणून.) त्या कोरड्या पात्रात बारा महिने पाणी सोडावं आणि समुद्राकडे निघालेल्या वाम माशांना टर्बाइन टाळून जायला वाट मिळावी, एवढंच हवंय. नवा परवाना साधारण ४० वर्षांचा असतो. आत्ता अट पडली नाही तर माझी मुलगी पन्नाशीला येईपर्यंत पात्र असंच राहणार.

प्रकल्पाचा नदीवर काय परिणाम होतो याचा अभ्यास कंपनीने करावा, अशी मागणी आयोगाकडे करायला ६० दिवस आहेत आणि तिला सात निकष लावतात. त्यात अभ्यासाची पद्धत आणि खर्चाचा अंदाजही द्यायचा. मी जीवशास्त्र शिकलेले नाही, हे कुठून आणू? शिवाय नुसतं पत्र पुरतं, की रीतसर पक्षकार व्हावं लागतं? कुणी यातून गेलं असेल तर कृपया सांगा.

प्रतिसाद १:
ताई, सर्वात अवघड निकष पद्धतीचा नाही, संबंधाचा असतो. ‘माशांचा अभ्यास करा’ म्हटलंत तर मागणी बाजूला पडेल. प्रकल्प चालवण्याच्या रीतीमुळे पात्र कसं कोरडं पडतं आणि अभ्यासाच्या निष्कर्षावरून परवान्यात कोणती अट ठरेल, हे लिहा. पद्धत म्हणून छोट्या प्रकल्पांवर प्रात्यक्षिक करतात: ठरावीक प्रमाणात पाणी सोडायचं, दर टप्प्याला अधिकारी आणि तज्ज्ञांनी पात्रात उतरून खोली, वेग, ओली रुंदी बघायची. खर्च बेताचा असतो. राज्याच्या मत्स्यखात्याला आणि केंद्राच्या मत्स्य व वन्यजीव सेवेला आजच फोन करा. तीच मागणी त्यांच्याकडूनही गेली तर वजन फार वाढतं. माशांच्या वाटेची सक्ती करण्याचा अधिकार कायद्याने केंद्राच्याच मत्स्यसंस्थांना आहे.

प्रतिसाद २:
पक्षकार होण्याची वेळ अजून आलेली नाही. कंपनीचा नूतनीकरणाचा अंतिम अर्ज परवान्याची मुदत संपायच्या किमान दोन वर्षं आधी येतो. तो पर्यावरण-छाननीला तयार असल्याची सूचना आयोग काढेल, तेव्हा ६० दिवसांत पक्षकार होण्याचा अर्ज करा. ते चुकवू नका, कारण पक्षकार नसाल तर निकालानंतर फेरसुनावणी मागता येत नाही.

आणि राज्याचं पाणी-गुणवत्ता प्रमाणपत्र (प्रकल्प राज्याचे पाण्याचे निकष पाळेल, असं राज्याने द्यायचं) विसरू नका. त्यातल्या अटी आयोगाला परवान्यात घ्याव्याच लागतात. धरणांना ते लागू आहे हे २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मेनमधल्याच प्रिसम्पस्कॉट नदीच्या खटल्यात ठरवलंय.

धागाकर्ती:
दोघांचे मनापासून आभार. मत्स्यखात्याला उद्या सकाळीच फोन करते. कोरड्या पात्राचे तारखेसकट फोटो आहेत, ते मागणीसोबतच जोडू की वेगळे दाखल करू?

प्रतिसाद १:
सोबतच जोडा, प्रत्येकाखाली जागा लिहा. आणि प्रकल्पाचा क्रमांक पहिल्या ओळीत हवाच.