चीनच्या बादशाही काळात गरिबाचं पोरगं परीक्षा देऊन खरंच अधिकारी व्हायचं का?

रानवारा_सातारा: नमस्कार मंडळी. एमपीएससीचा अभ्यास चालू आहे. परवा रूमवर वाद पेटला. एक म्हणतो, चीनमध्ये हजार वर्षांपूर्वी अशीच स्पर्धा परीक्षा होती, शेतकऱ्याचं पोरगं पास होऊन थेट दरबारात जायचं. दुसरा म्हणतो, थापा आहेत, वशिल्याशिवाय काही नसणार. पेपर तपासताना नाव-गाव बघत नव्हते का?

निवृत्त_मास्तर: शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, बोर्डाचे पेपर तपासण्यात माझी उमर गेली आहे.

परीक्षा सातव्या शतकाच्या सुरुवातीला सुई घराण्यानं आणली, पण ती कडक झाली सोंग काळात (९६० ते १२७९). उत्तरपत्रिकेवरचं नाव कागद चिकटवून झाकायचे. तेवढ्यानं भागेना, कारण अक्षरावरून माणूस ओळखू येतो. मग कारकुनांची फौज बसवली. प्रत्येक पेपर ते नव्यानं उतरवून काढत आणि परीक्षकाच्या हाती फक्त नक्कल जाई. पुढे मिंग आणि चिंग घराण्यांच्या काळात उमेदवाराची शाई काळी, नकलेची लाल. दोन्ही ताडून बघायला वेगळी माणसं. परीक्षकही तपासणी संपेपर्यंत आवारात कोंडलेले. आमच्याकडे बारकोड आला तेव्हा केवढं कौतुक झालं, पण अक्षर दिसायचंच. वळणदार अक्षराला हात सैल सुटतो, हे कुठलाही परीक्षक खासगीत सांगेल.

लेक शांघायला होती तेव्हा नानजिंगचं जुनं परीक्षा केंद्र पाहून आलो. एकेकाळी तिथे वीस हजारांवर खोल्या होत्या. खोल्या कसल्या, तीन बाजूंना भिंत आणि पुढून उघडं! दोन फळ्या मिळायच्या. एक खाली लावून बसायचं, दुसरी वर लावून लिहायचं, रात्री दोन्ही एका पातळीत आणून पाय मुडपून निजायचं. प्रांताची परीक्षा तीन वर्षांतून एकदा, तीन फेऱ्यांची. एकेका फेरीत रात्रीही आतच. शिधा, मेणबत्ती, पावसासाठी पडदा, सगळं घरून न्यायचं. संडासाजवळची खोली वाट्याला आली की संपलं.

कुमुद_ठाणे: मास्तर, मग कॉपी होतच नसेल?

निवृत्त_मास्तर: छे हो! आतल्या सदऱ्यावर मुंगीएवढ्या अक्षरांत अख्खे ग्रंथ लिहिलेले नमुने आजही जपून ठेवलेत. फाटकाशी अंगझडती व्हायची, तरीही.

रानवारा_सातारा: पण शेतकऱ्याच्या पोराचं काय?

निवृत्त_मास्तर: कायद्यानं त्याला मज्जाव नव्हता. मज्जाव होता तो नट, वेश्या, कचेरीचे शिपाई यांच्या मुलांना, आणि बायकांना तर सरसकट. पण अभ्यासक्रम म्हणजे कन्फ्युशियन ग्रंथांची चार लाखांवर चिन्हं तोंडपाठ, वर ठरीव साच्यातला निबंध. पोराला विशीपर्यंत औताला न जुंपता गुरुजींपुढे बसवणं किती घरांना परवडणार? काही ठिकाणी भाऊबंद एकत्र येऊन शेत राखून ठेवत आणि त्याच्या उत्पन्नावर कुळातल्या हुशार पोरांची शाळा चाले. गरीब वर आले ते बरेचसे असे. तुमच्या वशिलेवाल्या मित्राला सांगा, वशिला पेपर तपासताना फारसा चालत नसे, पाळण्यातच लागायचा.

गडप्रेमी_नाशिक: नापास झालेला हाँग शिऊच्वान विसरू नका. ग्वांगजौला वारंवार आपटला, १८३७ मध्ये आजारी पडून त्याला दृष्टान्त झाले, पुढे स्वतःला येशूचा धाकटा भाऊ म्हणवून घेतलं आणि ताइपिंग बंड केलं. कोट्यवधी माणसं मेली. १८५३ मध्ये नानजिंग घेऊन राजधानी केली आणि तिथे या गड्यानं स्वतःच्या परीक्षा सुरू केल्या!

कुमुद_ठाणे: 😄 आणि कोटा वगैरे?

निवृत्त_मास्तर: होता, आणि तो रक्त सांडून आला. १३९७ मध्ये राजधानीच्या परीक्षेत सगळेच्या सगळे दक्षिणेचे पास झाले. उत्तरेकडच्यांनी बोंब ठोकली. बादशहा जू युआनजांगनं फेरतपासणी लावली, तपासणाऱ्यानं निकाल बरोबरच आहे असं कळवलं. बादशहानं त्याला ठार केलं, म्हाताऱ्या मुख्य परीक्षकाला सरहद्दीवर धाडलं आणि नव्यानं ६१ जण निवडले, सगळे उत्तरेचे.

रानवारा_सातारा: म्हणजे पेपर नीट तपासला म्हणून जीव गेला?

निवृत्त_मास्तर: हो. दक्षिणेची पोरं खरंच पुढे होती, तिकडे पैसा, छापखाने, शिकवणारे जास्त. पुढच्या शतकात मिंग दरबारानं उत्तर, दक्षिण आणि मधला भाग अशा जागा वाटून टाकल्या. चिंग काळात तर प्रांतवार वाटणी झाली, ती १९०५ मध्ये परीक्षाच बंद होईपर्यंत चालली.