मर्ज केलं, तरी ब्रांचमधले बदल मेनमध्ये आलेच नाहीत

प्रश्न:
नमस्कार मंडळी, कालपासून डोकं चालेनासं झालंय. गिटमध्ये (कोडमधले बदल नोंदवून ठेवणारं साधन) ‘रिलीज-२.४’ ब्रांचवर (कामाच्या वेगळ्या शाखेवर) मी तीन कमिट (बदलांच्या नोंदी) टाकले. बिलात राउंडिंग चुकून १ रुपयाचा फरक पडायचा, त्याची दुरुस्ती. मेनवर (मुख्य ब्रांचवर) येऊन ‘गिट मर्ज रिलीज-२.४’ मारलं, म्हणजे ते बदल मेनमध्ये मिसळायला सांगितलं, तर उत्तर आलं ‘ऑलरेडी अप टू डेट’ (सगळं आधीच आलेलं आहे). मी निर्धास्त झाले, बिल्ड (त्या कोडमधून तयार झालेलं सॉफ्टवेअर) क्लायंटकडे गेला आणि संध्याकाळी तेच चुकीचं बिल फोटो काढून परत आलं. फार वाईट वाटलं. ब्रांचवर चेकआउट केलं (त्या ब्रांचवर गेलं) की कमिट दिसतात, पण मेनवरून ‘गिट लॉग रिलीज-२.४’ करून कमिटची यादी मागितली की गायब! मर्जच्या उत्तराच्या वर ‘रेफनेम इज अँबिग्युअस’ (या नावाचे एकाहून जास्त अर्थ निघतात) अशी एक ओळ होती, ती मी बघितलीच नाही. कमिट गेले का?

उत्तर:
ताई, घाबरू नका, कमिट जागेवरच आहेत. ‘गिट शो-रेफ रिलीज-२.४’ चालवा, या नावाचं काय काय आहे ते दिसेल, आणि काय येतं ते इथे टाका.

प्रश्नकर्ती:
दोन ओळी आल्या. एक ‘रेफ्स/हेड्स/रिलीज-२.४’ (ही ब्रांच), दुसरी ‘रेफ्स/टॅग्ज/रिलीज-२.४’ (हा टॅग, म्हणजे एखाद्या कमिटला लावलेली नावाची चिठ्ठी). हॅश (ओळखीचे आकडे) वेगळे. टॅग मी केलेला नाही!

उत्तर:
मग सापडलं. टॅग दुसऱ्या कोणी किंवा बिल्डच्या स्क्रिप्टने टाकला असेल, फेचबरोबर (सर्व्हरवरचे बदल खाली आणताना) तुमच्याकडे आला. नुसतं नाव दिलं की गिट आधी टॅग्जमध्ये शोधतं, मग हेड्समध्ये. म्हणून मर्ज आणि लॉगने जुना टॅग उचलला, जो मेनमध्ये आधीच होता. चेकआउट मात्र ब्रांचला पहिला मान देतं, म्हणून तिथे सगळं ठीक दिसलं. आत्ता ‘गिट मर्ज रेफ्स/हेड्स/रिलीज-२.४’ करा.

टॅग तसाच ठेवू नका. तो ज्या कमिटवर आहे, त्याच कमिटवर ‘व्ही२.४’ टॅग लावा, मग जुना टॅग आपल्याकडून काढायला ‘गिट टॅग -डी रिलीज-२.४’ आणि सर्व्हरवरून काढायला ‘गिट पुश ओरिजिन :रेफ्स/टॅग्ज/रिलीज-२.४’. कोलनपुढे पूर्ण नाव लिहा, नुसतं नाव दिलंत तर कोणतं उडवायचं हे गिटला कळत नाही. टीममधल्या प्रत्येकाला आपल्याकडचा टॅग काढायला सांगा. एकाने जरी ‘पुश --टॅग्ज’ मारलं (आपल्याकडचे सगळे टॅग सर्व्हरवर चढवले), तरी तो सर्व्हरवर परत येतो.

प्रश्नकर्ती:
झालं! तिन्ही कमिट मेनमध्ये आले. मघाशी पुश करताना ‘मॅचेस मोअर दॅन वन’ (हे नाव एकाहून जास्त ठिकाणी जुळतंय) येत होतं, तेही थांबलं. टॅग स्क्रिप्टच टाकत होती, तिच्यात आता पुढे ‘व्ही’ लावलाय. नवा बिल्ड पाठवला, बिल पैशाला पैसा जुळलं. मनापासून आभार.