मदत हवी आहे: बोरॉन ट्रायफ्लोराइड कमी ताकदीचं लुईस आम्ल का?

नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवतो. आमच्या पोरांना बोरॉन ठाऊक असतो तो कपाशीच्या फवारणीतला.

बोरिक आम्ल स्वतःचा प्रोटॉन देत नाही, पाण्यातला हायड्रॉक्साइड ओढून घेतं. हे सांगताना एक प्रयोग करतो. सोनाराकडून टाकणखार (बोरॅक्स, बोरॉनचाच क्षार) आणायचा, पाण्यात विरघळवून फिनॉल्फ्थॅलिनचे (अल्कली असलं की गुलाबी होणाऱ्या दर्शकाचे) थेंब टाकायचे: छान गुलाबी. मेडिकलमधलं ग्लिसरीन ओतलं की रंग जातो. परीक्षानळी तापवली की गुलाबी परत येतो, गार झाली की पुन्हा नाहीसा. हे डोळ्यांनी पाहिल्यावर बोरॉनभोवती सहाच इलेक्ट्रॉन, एक पी कक्षक (इलेक्ट्रॉनची जागा) रिकामा, ही गोष्ट पोरांच्या डोक्यात पक्की बसते.

अडलंय ते पुढे. लुईस आम्ल म्हणजे दुसऱ्याची इलेक्ट्रॉनजोडी घेणारा रेणू. तसं म्हणून बोरॉनचं ट्रायफ्लोराइड (तीन फ्लोरीनवालं) सगळ्यात कमजोर, मग ट्रायक्लोराइड (तीन क्लोरीन), मग ट्रायब्रोमाइड (तीन ब्रोमीन). अकरावीतली एक मुलगी म्हणाली, "सर, फ्लोरीन सगळ्यात जास्त ओढते, तं मंग बोरॉन तिथंच जास्त उपाशी राहाले पायजे ना?" मी बॅक बॉन्डिंग सांगितलं, फ्लोरीन आपली इलेक्ट्रॉनजोडी त्या रिकाम्या कक्षकात देतो म्हणून. त्यावर ती, "जो इतका ओढते, तो देईन कायले?"

प्रश्न अगदी रास्त आहे. पुस्तकात आहे म्हणून तिला गप्प बसवायचं नाही. कक्षकांचा आकार जुळतो एवढ्यावर तिचं समाधान झालं नाही. मोजलेला काही पुरावा देता येईल का?

प्रतिसाद:
सर, ओढणं आणि देणं या दोन वेगळ्या वाटा आहेत. ओढ सिग्मा बंधातून (दोन अणूंना थेट समोरासमोर जोडणारा), देणं पाय बंधातून (पी कक्षक बाजूबाजूने जुळून होणारा). फ्लोरीन आणि बोरॉन दोघांचेही कक्षक २पी, म्हणून नीट जुळतात. क्लोरीनचा ३पी मोठा आणि पसरट.

पुरावा बंधाच्या लांबीत आहे: पाय बंधाची भर पडली की बंध आखूड होतो. ट्रायफ्लोराइडमध्ये बंध सुमारे १३१ पिकोमीटर. टेट्राफ्लोरोबोरेट आयनात (बोरॉनभोवती चार फ्लोरीन) ती रिकामी जागा भरलेली असते, तिथे तोच बंध सुमारे १४० होतो. इलेक्ट्रॉनजोडी देणारा अमोनिया जोडायचा तर सपाट रेणू वाकवावा लागतो, पाय बंध सुटतो, आणि ते फ्लोरीनवाल्या रेणूला जास्त जड जातं.

मात्र हे एकच कारण म्हणून वहीत उतरवून देऊ नका. संगणकीय अभ्यासांतून आणखी एक कारण पुढे आलंय: ट्रायक्लोराइडचा रिकामा कक्षक ऊर्जेने खाली असतो, त्यामुळे अमोनियाच्या जोडीशी त्याचा मेळ जास्त चांगला बसतो. त्या मुलीला दोन्ही सांगा, तिला झेपेल.