शब्दचर्चा : ख्रिस्ती ‘पंथ’, ‘संप्रदाय’ की ‘मंडळी’?

प्रश्न

एका जुन्या शाळेच्या इतिहासाचं मराठीकरण करते आहे. ‘डिनॉमिनेशन’ आलं की मी सरसकट ‘पंथ’ लिहीत होते. संपादकांचा आग्रह ‘संप्रदाय’चा आहे. त्यातच एका वाक्यावर अडले आहे : ‘सीएनआय हा उत्तर भारतातला एक प्रोटेस्टंट पंथ आहे.’ (सीएनआय म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया.) हे बरोबर आहे का? आणि मराठी ख्रिस्ती लोक स्वतः काय म्हणतात?

नगरकर

‘संप्रदाय’ आमच्यात कोणाच्या तोंडी मी तरी ऐकलेला नाही. ‘पंथ’ छापील मजकुरात चालतो, बोलण्यात क्वचित. सोयरीक जुळवताना विचारतात ते ‘कोणत्या चर्चचे?’ आणि जुनी माणसं विचारायची, ‘कोणत्या मिशनचे?’

या ‘मिशन’कडे जरा लक्ष द्या. एकोणिसाव्या शतकात प्रोटेस्टंट मिशनांनी एकमेकांच्या पायात पाय येऊ नये म्हणून हद्दी सांभाळल्या होत्या. नगर-सोलापूरकडे अमेरिकन मराठी मिशन, म्हणजे काँग्रिगेशनल. कोल्हापूरकडे अमेरिकन प्रेस्बिटेरियन. जालना, नागपूर या बाजूला स्कॉटिश. नगर जिल्ह्यात पुढे अँग्लिकनांचं, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या परंपरेचं मिशनही आलं, म्हणून आमच्याकडे दोन्ही घराणी सापडतात. आमच्या पणजोबांनी कॅल्विन (प्रेस्बिटेरियन ज्याची शिकवण मानतात तो धर्मसुधारक) वाचून बाप्तिस्मा घेतलेला नव्हता. गावात जे मिशन आलं, त्या मिशनचे ते झाले. म्हणून ‘पंथ’ म्हटल्यावर आपण जे समजतो (एक संस्थापक, त्याची शिकवण, ती पटून घेतलेली दीक्षा) ते महानुभावांना लागू पडेल, मार्टिन ल्यूथरला मानणाऱ्या लुथरन मंडळींनाही पडेल, बाकी ठिकाणी ओढूनताणून लावावं लागतं.

नावंच पाहा ना. प्रेस्बिटेरियन म्हणजे जिथे कारभार वडिलांच्या हाती असतो ते. ‘वडील’ हे चर्चमधलं पद आहे बरं का, भाषांतरात बाप करू नका. काँग्रिगेशनल म्हणजे जिथली स्थानिक मंडळी आपले निर्णय आपण घेते ते. एपिस्कोपल म्हणजे बिशप असलेले. ही नावं श्रद्धेवरून पडलेली नाहीत, कारभार कोण बघतो यावरून पडली आहेत. मेथडिस्ट हे तर ऑक्सफर्डमध्ये चेष्टेनं ठेवलेलं नाव.

आता तुमचं वाक्य. सीएनआय २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला स्थापन झाली आणि तिच्यात सहा प्रवाह एकत्र आले : अँग्लिकन; काँग्रिगेशनल आणि प्रेस्बिटेरियन आधीच मिळून झालेली उत्तर हिंदुस्थानची संयुक्त मंडळी; बॅप्टिस्ट; ब्रदरन; डिसायपल्स; आणि ब्रिटिश-ऑस्ट्रेलियन परंपरेचे मेथडिस्ट. अमेरिकन परंपरेचे मेथडिस्ट शेवटच्या घटकेला बाहेर राहिले. त्यामुळे ‘मेथडिस्ट सीएनआयमध्ये गेले’ हेही खरं आणि ‘मेथडिस्ट वेगळे आहेत’ हेही खरं. तान्ह्या मुलांना बाप्तिस्मा देणारे आणि मोठेपणी, कबुली दिल्यावरच देणारे असे दोन्ही लोक एका छपराखाली आले, म्हणून सीएनआयनं दोन्ही पद्धती मान्य केल्या. जी पंथभेद ओलांडायला निघाली तिलाच ‘एक पंथ’ म्हणणं बरोबर होणार नाही. ‘सहा मंडळ्यांच्या विलीनीकरणातून झालेली संयुक्त मंडळी’ असं लिहा. आणि ‘उत्तर भारतातला’ काढून टाका. ते नावापुरतं आहे, नगर, पुणे, मुंबई सगळं तिच्यात येतं.

‘मंडळी’ हा ‘चर्च’साठी प्रोटेस्टंटांचा रुळलेला शब्द. बायबलमध्येही तोच आहे. मात्र ‘आमची मंडळी फार मोठी आहे’ हे बाहेरच्यानं ऐकलं तर तो बायकोच्या तब्येतीची चौकशी करायचा!

वसईकर

आमच्या बाजूनं थोडं. वसईचे मराठी कॅथलिक ‘मंडळी’ म्हणत नाहीत, ‘ख्रिस्तसभा’ म्हणतात. प्रोटेस्टंटांची उपासना, आमची मिस्सा. त्यांचे पाळक, आमचे फादर. पाद्री हा शब्द पोर्तुगिजांकडून आलेला, पण आता बाहेरचेच लोक जास्त वापरतात.

कॅथलिकांमध्ये आतून जो फरक असतो त्याला मात्र ‘पंथ’ अजिबात लिहू नका. लॅटिन, सिरो-मलबार, सिरो-मलंकारा (शेवटच्या दोन केरळातल्या) या उपासनेच्या रीती आहेत. कल्याणचा धर्मप्रांत (एका बिशपच्या अखत्यारीतला भाग) १९८८ साली झाला तो सिरो-मलबारांसाठी. म्हणजे एकाच इमारतीतल्या दोन कॅथलिक कुटुंबांचे बिशप वेगळे असू शकतात. पोप एकच, श्रद्धा एकच.

प्रश्नकर्ती

फार उपयोग झाला. एका जुन्या कोशात प्रोटेस्टंटला ‘निषेधपंथी’ दिलं आहे. ते घेऊ का? आणि हे सगळे एकमेकांना ख्रिस्ती मानतात की नाही, हे एका वाक्यात कसं सांगायचं?

नगरकर

‘निषेधपंथी’ वाचलं की मोर्चा डोळ्यांपुढे येतो. शब्द आला १५२९ च्या जर्मनीतल्या श्पायर इथल्या सभेतून. ल्यूथरच्या बाजूच्या जर्मन राजांनी आणि शहरांनी बहुमताच्या ठरावाविरुद्ध आपलं लेखी म्हणणं नोंदवलं, त्यावरून. मूळ लॅटिन क्रियापदात ‘जाहीर ग्वाही देणे’ हाही अर्थ आहे. प्रोटेस्टंट तसंच ठेवा, ते मराठी झालेलं आहे.

दुसऱ्या प्रश्नाचं एका वाक्यात उत्तर नाही, ताई. पाणी आणि पित्या-पुत्राचं-पवित्र आत्म्याचं नाव असेल तर आमचा बाप्तिस्मा कॅथलिक मानतात, पुन्हा देत नाहीत. पण त्यांच्या मिस्सेत आम्हाला सहसा ख्रिस्तप्रसाद मिळत नाही. आमच्या प्रभुभोजनाला (आमच्याकडचा तोच विधी) पाळक त्यांना बोलावतील, पण त्यांचा नियम त्यांना घेऊ देत नाही. दोन्हीकडचे नातेवाईक असलेल्या मयतीला जाऊन पाहा. ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ सगळे मिळून म्हणतात, ‘वाइटापासून सोडव’ला कॅथलिक थांबतात, आणि आम्ही ‘राज्य, सामर्थ्य व गौरव’ म्हणत पुढे जातो. हे शेवटचं वाक्य कॅथलिक मिस्सेतही आहे, फक्त मध्ये फादरांची एक प्रार्थना येते, म्हणून एरवी ते तिथे थांबतात. सवयीनं दोन्हीकडचे एकमेकांकडे बघतात, इतकंच.

पेंटेकोस्टल (पवित्र आत्म्याच्या वरदानांवर भर देणारे) आणि स्वतंत्र मंडळ्यांचं निराळं. त्यांच्यापैकी बरेच जण लहानपणचा बाप्तिस्मा धरत नाहीत, पाण्यात बुडवून पुन्हा देतात. त्यांना बोलीत ‘बिलिव्हर’ म्हणतात. हा शब्द जपून वापरा. त्यांच्या तोंडी तो अभिमानाचा असतो, आमच्याकडच्या काही म्हाताऱ्यांच्या तोंडी टोमण्याचा. आणि सगळ्या व्याख्या मोडायच्या असतील तर मुक्तिफौज, म्हणजे साल्व्हेशन आर्मी, घ्या. १८८२ मध्ये मुंबईत आली. नगरचं बूथ हॉस्पिटल त्यांचंच. त्यांच्यात बाप्तिस्माही नाही आणि प्रभुभोजनही नाही, तरी ख्रिस्तीच.

या गुंत्याला वैतागलेले आपल्याकडे पूर्वीही होऊन गेले. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडात अँग्लिकन पद्धतीनं झाला, पण ख्रिस्ती देशांत पंथापंथाची शिकवण किती वेगळी ते पाहून त्यांना बायबलमधल्या बाबेलची, तिथल्या भाषांच्या गोंधळाची, आठवण झाली. केडगावचं मुक्ती मिशन त्यांनी कोणत्याही एका चर्चच्या दावणीला बांधलं नाही. ना. वा. टिळकांनी तर १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडला आणि ‘देवाचा दरबार’ उभारायला घेतला. त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा होती. माझ्या मते मराठीत या विषयावर झालेला सर्वांत धीट विचार तो. टिळक १९१९ मध्ये गेले आणि दरबार मागे पडला, ही आमची करंटेपणाची बाब.

आणखी एक वाचक

ऑर्थोडॉक्सला ‘सनातनी’ लिहिलेलं मी वर्तमानपत्रात पाहिलं आहे. चालेल?

नगरकर

नको. तिथे अर्थ ‘योग्य श्रद्धा असलेले’ असा आहे, जुन्या वळणाचे असा नाही. ऑर्थोडॉक्सच लिहा, पण कोणते ते सांगा. रोम आणि कॉन्स्टँटिनोपल यांची १०५४ मध्ये फाटाफूट झाली आणि त्या वेळच्या बहिष्काराच्या आज्ञा दोन्ही बाजूंनी १९६५ मध्ये मागे घेतल्या, हे सगळं ग्रीक-रशियन ऑर्थोडॉक्सांबद्दल. पुण्या-मुंबईतले मल्याळी ऑर्थोडॉक्स त्या गटातले नव्हेत. त्यांचं नातं ४५१ च्या खाल्केदोन परिषदेचा (ख्रिस्ताच्या स्वरूपाविषयीचा) निर्णय न मानणाऱ्या सिरियन, कॉप्टिक, आर्मेनियन यांच्याशी आहे.