मदत हवी आहे: 'विचर ४'ची वाट बघतेय, सोलापुरात पीसी आत्ता बांधू की थांबू?

सुतगिरण

नमस्कार मंडळी,

डिसेंबर २०२४ मध्ये गेम अवॉर्ड्सच्या कार्यक्रमात 'द विचर ४'चा ट्रेलर दाखवला, तेव्हापासून मी या गेमची वाट बघतेय. यावेळी मुख्य पात्र सिरी आहे. ज्यांनी 'विचर ३' खेळलेला नाही त्यांच्यासाठी सांगते: त्या भागात आपण गेराल्ट नावाचा विचर, म्हणजे पैसे घेऊन राक्षस मारणारा, होऊन सगळा मुलूख पालथा घालतो तो हिलाच शोधायला. मधेच थोडा वेळ तिच्या भूमिकेत खेळायला मिळतं आणि ते संपलं की चुटपूट लागते. आता अख्खा गेम तिचा.

ट्रेलर मी कितीदा पाहिलाय विचारू नका. गावकरी एका मुलीला जंगलातल्या राक्षसाकडे बळी म्हणून पाठवतात. सिरी त्या राक्षसाला मारते, तरी मुलगी वाचत नाही, कारण गाव तिला जगू देत नाही. विचर मला आवडतो तो याचसाठी. यात राक्षस मारणं हे सोपं काम असतं, अवघड असतात ती माणसं.

आता अडचण सांगते. घरी जुना पीसी आहे: सातव्या पिढीचा आय-५ प्रोसेसर, १०५० टीआय ग्राफिक्स कार्ड, ८ जीबी रॅम आणि हार्ड डिस्क. 'विचर ३' मी यावरच पूर्ण केला, दोन्ही एक्सपान्शनसकट (नंतर आलेल्या जोडकथा). पण 'विचर ४' अनरिअल इंजिन ५ या गेम बनवायच्या नव्या सॉफ्टवेअरवर बनतोय आणि या कार्डावर तो चालणार नाही हे मलाही कळतं. टॉवेलच्या कारखान्यात हिशेबाचं काम करते, पगारातून दर महिन्याला थोडे बाजूला ठेवून साठेक हजार जमलेत. मित्र म्हणतात आत्ताच घेऊन टाक, रॅमचे भाव चढायलेत, पुढे अजून महाग होईल. दुसरीकडे गेम २०२७ च्या आधी येणार नाही हे तो बनवणाऱ्या सीडी प्रोजेक्ट रेड कंपनीनेच सांगितलंय. मग दोन वर्षांचं जुनं मशीन घेऊन त्या दिवशी बसायचं का? की पैसे तसेच ठेवून पीएस ५ घ्यावा? जून २०२५ मध्ये अनरिअलच्या कार्यक्रमात गेममधल्या कोविर प्रदेशाचा डेमो दाखवला तो साध्या पीएस ५ वर सेकंदाला ६० फ्रेम्सने चालत होता. बंदरावरचं ते वाल्ड्रेस्ट गाव, बाजारातली गर्दी, सिरीची घोडी... ते बघून मन पीएस ५ कडे ओढतंय.

दुसरी गोष्ट आमच्या जागेची. आम्ही अक्कलकोट रोडला राहतो, शेजारी माग आहेत. दिवसभर सुताची बारीक तूस हवेत असते आणि ती पंख्यांमध्ये जाऊन बसते. खोली वरच्या मजल्यावर आहे, एप्रिल-मेमध्ये भट्टी होते. गेल्या उन्हाळ्यात 'विचर ३' चालू असताना पीसी आपोआप बंद पडायला लागला होता. त्यात वळवाचा पाऊस आला की लाइट येते-जाते. नवीन मशीन घेतलं तर ते इथे टिकेल कसं, हे मला पुण्या-मुंबईच्या यूट्यूबवाल्यांकडून कळत नाही. त्यांच्या खोल्यांमध्ये एसी असतो.

आणि शेवटचं, पण मला सगळ्यात महत्त्वाचं. धाकटा भाऊ बीकॉमच्या पहिल्या वर्षाला आहे. ट्रेलर त्याने माझ्याबरोबर पाहिला आणि आता त्यालाही खेळायचंय. त्याला आधीचं काहीच माहीत नाही. मराठी माध्यमातला आहे, इंग्रजी सबटायटल्स भराभर जातात, तो मागे राहतो. नवा गेम येईपर्यंत त्याला सिरी कोण, गेराल्ट तिचा कोण, हे सगळं स्वतः खेळून कळावं अशी माझी फार इच्छा आहे. पहिल्या भागापासून सुरू करू का? की थेट तिसरा? कृपया तिसऱ्याचा शेवट इथे उघड करू नका, तो हा धागा वाचणार आहे.

होटगी_रोड

ताई, मी पीसी जोडून द्यायचं काम करतो, इथलाच आहे, म्हणून तुमच्या जागेचं आधी बोलतो.

पीसी आपोआप बंद पडतो तो गरम होऊन. उघडून बघा, प्रोसेसरची उष्णता ओढणाऱ्या हीटसिंकच्या पात्यांमध्ये तूस नमद्यासारखी जमून बसलेली असणार. मागाशेजारच्या घरांमधून येणाऱ्या मशीनमध्ये मला हेच दिसतं. बंद करून, वायर काढून, गच्चीवर नेऊन ब्लोअरने साफ करा. ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवा, नाहीतर तो उलटा गरगरतो आणि बेअरिंग जातं. सात-आठ वर्षांचं मशीन असेल तर प्रोसेसर आणि हीटसिंकच्या मधली थर्मल पेस्ट वाळलेली असणार, तीही बदला. ही साफसफाई तुमच्याकडे महिन्याला हवी.

पुढे नवीन कॅबिनेट घ्याल तेव्हा समोर जाळी असलेलं आणि जाळी ओढून धुता येणारं घ्या. आत हवा ओढणारे पंखे जास्त आणि बाहेर टाकणारे कमी ठेवा, म्हणजे हवा फटींमधून न शिरता जाळीतूनच गाळून येते. कॅबिनेट जमिनीवर ठेवू नका. आणि एक गोष्ट लोक हमखास करतात: उकडतंय म्हणून कूलरचा झोत थेट पीसीवर सोडतात. तसं करू नका. आपल्याकडचं पाणी जड, त्या ओलसर हवेबरोबर क्षार बोर्डावर जाऊन बसतात.

लाइटसाठी स्टॅबिलायझर पुरत नाही, यूपीएस हवा. आत्ताच्या मशीनला ६०० व्हीएचा चालेल. मोठं कार्ड आलं की १००० व्हीएच्या वरचा लाइन इंटरॅक्टिव्ह (व्होल्टेज कमी-जास्त झालं तर सांभाळून घेणारा) घ्या. पण त्याआधी इलेक्ट्रिशियनला बोलावून घरातलं अर्थिंग तपासून घ्या. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर आजच बोलवा. यूपीएस, कॅबिनेट, पॉवर सप्लाय या गोष्टी आत्ता घेतल्या तरी वाया जात नाहीत. कार्ड आणि प्रोसेसर मात्र आत्ता घेऊ नका.

रात्रपाळी

वरच्यांशी सहमत, कार्डाबद्दल जरा सविस्तर लिहितो.

'विचर ४'साठी कोणतं कार्ड, किती रॅम लागेल हे कंपनीने अजून जाहीरच केलेलं नाही. त्यामुळे "हे घे, विचर ४ मक्खन चालेल" असं जो दुकानदार सांगेल त्याच्याकडून काही घेऊ नका. गेमचं पूर्ण उत्पादन सुरू झालं ते २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये. एवढ्या मोठ्या ओपन वर्ल्डला त्यापुढे काही वर्षं लागणारच.

त्याच कंपनीचा 'सायबरपंक २०७७' आठवा. १० डिसेंबर २०२० ला आला तेव्हा जुन्या कन्सोलवर त्याची अवस्था इतकी वाईट होती की सोनीने तो आपल्या स्टोअरवरून काढून टाकला आणि पैसे परत दिले. नंतर त्यांनी तो मेहनतीने दुरुस्त केला, आज तो फार सुंदर गेम आहे. पण २०२३ च्या मोठ्या अपडेटच्या वेळी किमान गरजा वाढल्या, एसएसडी (हार्ड डिस्कपेक्षा वेगवान डिस्क) सक्तीची झाली, आणि आधी कसाबसा चालत होता अशा बऱ्याच जणांचं मशीन त्या यादीतून बाहेर गेलं. म्हणून माझं म्हणणं, गेम आल्यावरसुद्धा पहिल्या दिवशी पैसे भरू नका. पंधरा दिवस लोक खेळू देत, मग ठरवा.

पीएस ५ च्या डेमोचंही तसंच. तो खरोखर साध्या पीएस ५ वर चालत होता, पण तो तंत्रज्ञान दाखवण्यासाठी बनवलेला तुकडा होता, हातात येणारा गेम तो नव्हे, असं कंपनीनेच स्पष्ट केलंय. तरी तुमच्या जागेत पीएस ५ चा विचार मी गंभीरपणे करीन. एकच डबा, वीज कमी खातो. फक्त तूस त्यालाही सोडणार नाही.

रॅमबद्दल मित्रांचं खरं आहे. एआयच्या सर्व्हरसाठी मेमरीला मागणी वाढली आणि २०२५ च्या शेवटाला भाव जोरात चढले. पण चढलेल्या भावात घाबरून घेतलेली रॅम दोन वर्षं कशासाठी ठेवायची? सध्याच्या मशीनला डीडीआर ४ लागते, ८ जीबीची एक जुनी काडी कुणाकडे मिळाली तर लावा आणि हार्ड डिस्कच्या जागी साधी साटा एसएसडी टाका. 'विचर ३' ५० जीबीच्या आसपास जागा घेतो, ५०० जीबीची एसएसडी भरपूर झाली. एवढ्याने भावाचं काम होईल, उरलेले पैसे बँकेत राहू द्या.

केर_मोरहेनची_वाट

मी फक्त शेवटच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला आलेय. तुमचा धागा वाचून मला फार बरं वाटलं.

थेट तिसरा. पहिला भाग २००७ चा, त्याची तलवारबाजी आजच्या मुलाला सहन होणार नाही. दुसरा २०११ चा, चांगला आहे, पण राजकारण इतकं आहे की नवख्याचा गोंधळ उडेल. आणि त्या दोन्हीत सिरी नाही. तिसरा, म्हणजे २०१५ चा, हाच तिच्या गोष्टीचा गेम आहे. नवीन गेम सुरू करताना 'विचर २'चा सेव्ह गृहीत धरायचा का असं विचारतात, तिथे नाही म्हणा, नाहीतर पुढे एका प्रसंगात त्याला माहीत नसलेल्या माणसांबद्दल प्रश्न येतील.

तुमच्या १०५० टीआयसाठी: डिसेंबर २०२२ चं मोफत अपडेट आल्यापासून सुरुवातीलाच गेम डायरेक्टएक्स ११ वर चालवायचा की १२ वर (चित्रं काढायच्या दोन पद्धती) असं विचारतं. ११ घ्या. १२ या कार्डाला जड जातं. आणि फ्रेम्स ३० वर बांधून टाका, उन्हाळ्यात कार्ड बरंच थंड राहील.

सबटायटल्सचं: सेटिंगमध्ये अक्षरं मोठी करता येतात, ती आधी करा. मराठी किंवा हिंदी त्यात नाही. पण या गेममध्ये बहुतेक निवडींना घड्याळ नसतं. पर्याय समोर आले की खेळणारा वाचत बसू शकतो, गेराल्ट थांबून राहतो. सुरुवातीचं व्हाइट ऑर्चर्ड गाव त्याला सावकाश खेळू द्या, तिथल्या सगळ्या छोट्या कामांसकट. पुढच्या वेलेन प्रदेशात बॅरनची गोष्ट सुरू झाली की मात्र तुम्ही शेजारी बसा. ती गोष्ट ज्याला नीट कळली त्याला विचर कळला. तिथे संवाद सुटले तर फार मोठं काही हातून जातं. तुम्ही पुढचं काही सांगू नका, फक्त आत्ता समोरचा काय बोलला तेवढं मराठीत सांगा. निर्णय त्याचे त्याला घेऊ द्या, चुकीचे वाटले तरी. शेवट कोणता मिळतो ते अशाच लहान लहान प्रसंगांवर ठरतं, आणि ते प्रसंग कोणते हे त्याला आधी कळता कामा नये.

सुतगिरण

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं नेमकं कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं.

होटगी_रोड दादा, कॅबिनेट उघडलं. तुम्ही म्हणालात तसंच निघालं, पात्यांवर अख्खा थर. साफ केल्यावर पंख्याचा आवाजसुद्धा कमी झाला. अर्थिंगसाठी इलेक्ट्रिशियनला सांगितलंय. झिणझिण्या येत होत्या, आम्ही ते इतके दिवस अंगवळणी पाडून घेतलं होतं.

ठरवलंय असं: एसएसडी आणि यूपीएस आत्ता, साठवलेले बाकी पैसे तसेच. पीएस ५ की पीसी हे गेमची तारीख आणि गरजा जाहीर झाल्यावर. रात्रपाळी, पहिल्या दिवशी घेऊ नका हे पटतंय, पण सिरीचा गेम आल्यावर पंधरा दिवस नुसतं बघत बसणं मला जमेलसं वाटत नाही. तेव्हा पुन्हा इथेच विचारायला येईन.

एक प्रश्न राहिला. भाऊ माझ्याच स्टीम अकाउंटवर (मी गेम जिथून घेतला ते दुकान) खेळला तर माझे जुने सेव्ह जातील का? माझी टूसाँची, म्हणजे दुसऱ्या एक्सपान्शनमधल्या मुलुखाची, सगळी गोष्ट त्यात आहे, ती मला गमवायची नाही.

रात्रपाळी

त्याचं वेगळं अकाउंट काढा आणि स्टीमच्या फॅमिलीमध्ये घ्या. तुमचा गेम त्याला दिसेल. पण सेव्ह विंडोजच्या डॉक्युमेंट्समध्ये बसतात, म्हणून विंडोजमध्येही त्याचं वेगळं युजर काढा, म्हणजे सेव्ह त्याचे वेगळे राहतील. प्रत एकच असल्याने दोघांना एकाच वेळी खेळता येणार नाही, पण मशीनही एकच आहे. तरी जुनी हार्ड डिस्क काढायच्या आधी डॉक्युमेंट्समधल्या 'द विचर ३' फोल्डरमधून 'गेमसेव्ह्ज' उचलून पेनड्राइव्हवर ठेवा. क्लाउडवर असले तरी ठेवा.